झाकण किती वेळा उघडलं

मामा: भाजी गार ठेवायच्या तीन पेट्या खोलल्या मी. रिव्हेट काढले, आतला पत्रा बाहेर घेतला, वाळू चाळून बघितली. काही नाही. सांधा जसा मी मारला होता तसाच्या तसा आहे.

भाचा: मामा, मॅडम अकराला येतायत. हे आपण नंतर बोलू.

मामा: काल संध्याकाळी कोथिंबीरवाली इथे आली. चार जुड्या टेबलावर ठेवल्या आणि उभी राहिली. जुड्या कसल्या, फडकी झाली होती त्यांची. मी म्हटलं, अगं, वाळूत पाणी घातलं नसशील. तर तिने नुसतं बघितलं माझ्याकडे. बत्तीस वर्षं पत्रा कापतोय मी. पहिल्यांदा कात्री खाली ठेवावीशी वाटली.

भाचा: टेबल जरा रिकामं करूया का? तिथे लॅपटॉप ठेवायचाय.

मामा: जुड्या राहू देत.

भाचा: मामा, फंडाच्या मॅडम आहेत. जगाचं तापमान कमी व्हावं म्हणून पैसे गुंतवतात. त्यांच्यापुढे सडलेली कोथिंबीर ठेवायची?

मामा: सुकलेली. सडणं वेगळं. निदान धंद्यातले शब्द तरी शिकून घे. तर मी आज पहाटे जाऊन बाजारात बसलो, तुझ्या मामीशेजारी, पोत्यावर. म्हटलं दोष सापडल्याशिवाय उठायचं नाही. आणि बघतो तर कोथिंबीरवाली एका हाताने गिऱ्हाइकाला जुडी देतेय आणि दुसऱ्या हाताने पेटीचं झाकण वरखाली करतेय. आत हात घालत नाही, काही काढत नाही. तान्ह्या पोराला झोका द्यावा तसं, आपलं वर आणि खाली. तिच्या पलीकडे पालकवाली, तीही तेच. ओळीने अकरा जणी. बाजारात भावाचा आवाज कमी आणि पत्र्याचा जास्त.

भाचा: हं.

मामा: मी विचारलं, बाई, हे काय चाललंय? ती म्हणाली, थांबा मामा, बोलायला लावू नका, आकडा चुकेल.

भाचा: तिने हे तुला सांगायला नको होतं.

मामा: तीस वेळा करायचं म्हणे रोज. तीस झाले की तुमच्या भाच्याकडून मोबाइलला रिचार्ज येतो. खरं?

भाचा: वापर वाढावा म्हणून केलेली एक छोटी योजना आहे.

मामा: म्हणजे मी पेटीत गारवा भरायचा, आणि तो बाहेर घालवायला तू लोकांना बक्षीस द्यायचं.

भाचा: तू सगळं असं उलटं करून सांगतोस. फंडाने पुरावा मागितला, मामा. पेटी वापरली जाते याचा पुरावा. विजेवर चालत असती तर विजेचं बिल दाखवलं असतं. ती वीज घेतच नाही, तोच तिचा गुण. मग दाखवायचं काय? म्हणून झाकणाखाली ते बटण बसवलं. झाकण उघडलं की माझ्या स्क्रीनवर आकडा वाढतो. दिवसाला वीसच्या वर गेला की हिरवा ठिपका, वीसच्या आत राहिला की लाल.

मामा: तुझ्या मामीची पेटी कोणत्या रंगाची?

भाचा: मामीचं वेगळं आहे.

मामा: रंग विचारला मी.

भाचा: लाल.

मामा: दिवसातून किती वेळा उघडते ती?

भाचा: दोनदा.

मामा: पहाटे भरते तेव्हा एकदा. ऊन कललं की संध्याकाळचा माल काढते तेव्हा दुसऱ्यांदा. सहा वर्षं हेच चाललंय. तिची भाजी संध्याकाळी सातलासुद्धा उभी असते. शेजारणी विचारायच्या, कसली जादू आहे हिच्याकडे. त्यावरून तर सगळं सुरू झालं. तू सुट्टीला आलास, पेटीत हात घातलास आणि म्हणालास, मामा, हे जगाला हवंय.

भाचा: हवंच आहे. अजूनही म्हणतो.

मामा: मग जगाला सांग झाकण लावून ठेव म्हणून.

भाचा: सांगितलं असतं. पण लाल ठिपक्याचं पुढे काय होतं ते तुला माहीत नाही. करारात लिहिलंय. तीन महिने लाल राहिली ती पेटी म्हणजे पडून असलेली मालमत्ता. ती परत घ्यायची आणि वापरणाऱ्या माणसाला द्यायची. सोमवारी ट्रक येतोय.

मामा: कुठे?

भाचा: बाजारात.

मामा: किती पेट्या?

भाचा: बासष्ट.

मामा: मामीची?

भाचा: यादीत पहिलीच आहे. नंबर एक. रिचार्ज मी उगाच दिला का, मामा? हिरव्या व्हाव्यात म्हणून दिला. त्या अकरा जणींनी झाकण हलवलं, त्यांच्या पेट्या वाचल्या. मामीलाही निरोप धाडला होता.

मामा: माहीत आहे. आज पहाटे तिनेच सांगितलं. ती म्हणाली, भाचेबुवांना कळवा, मी झाकण हलवत बसते, गिऱ्हाईक तुम्ही सांभाळा. येताना घरचं जेवण घेऊन या, इथे दहा तास बसावं लागतं.

भाचा: मला तिने फक्त ‘नाही’ एवढंच कळवलं.

मामा: बाकीचं तुला तोंडावर ऐकवण्यासारखं होतं, म्हणून तिने ठेवून दिलं. म्हणजे आता हिशोब असा झाला, की पेटी राखायची तर भाजी जाते आणि भाजी राखायची तर पेटी जाते.

भाचा: आजची भेट नीट होऊ दे. मग मी त्यांच्याशी बोलतो, ठिपक्याची अट सैल करून घेतो. मॅडम खूश आहेत आपल्यावर. एकशेसतरा नंबरची पेटी त्यांना फार आवडलीय. दिवसाला चारशे वेळा उघडते, मामा. चारशे! त्यांच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो आहे. आमचं सूत्र असं, की एकदा झाकण उघडलं म्हणजे पाव किलो भाजी बाहेर निघाली, म्हणजे पाव किलो सडायची वाचली, म्हणजे एकशेवीस ग्रॅम कार्बन हवेत जायचा राहिला. त्या एका पेटीने तीन महिन्यांत चार टनांच्या वर कार्बन वाचवलाय.

मामा: कोणाकडे आहे ती?

भाचा: एक लघुउद्योजक आहे. पुलाच्या कोपऱ्यावर.

मामा: पुलाच्या कोपऱ्यावर पंक्चरवाला बसतो.

भाचा: त्याच्या शेजारी असेल कोणी.

मामा: त्याच्या शेजारी खांब आहे. मी महिन्यातून दोनदा सायकल नेतो तिथे. पेटी त्याचीच आहे. आतली वाळू त्याने पहिल्याच दिवशी काढून रस्त्यातल्या खड्ड्यात भरली. आत पाने, ठिगळं, सोल्यूशनच्या नळ्या आणि त्याचा डबा. एका पंक्चरला आठ वेळा झाकण उघडतो तो. एकदा पाना घ्यायला आणि एकदा पाना ठेवायला, टापटिपीचा माणूस आहे.

भाचा: तू हे मला आधी का नाही सांगितलंस?

मामा: मला काय ठाऊक, तो हवामान सांभाळतोय म्हणून.

भाचा: मॅडमना तीच पेटी बघायचीय. इथून आम्ही तिकडे जाणार आहोत. मामा, तू बरोबर येऊ नकोस. नाहीतर ये, पण बोलू नकोस. काहीतरी सांगून मी त्यांना बाजारात... नको, बाजारात तर नकोच. देवा. मामा, हात जोडतो. आजचा दिवस फक्त पत्र्याविषयी बोल.

मामा: मी पत्र्याविषयीच बोलतो. बाकीचं मला येत नाही. दारात बघ कोण आहे.

मॅडम: नमस्कार. मी थोडी लवकर आले का? वर्कशॉप शोधायला अजिबात त्रास झाला नाही, आवाजावरून आले.

भाचा: या, या मॅडम. हे माझे मामा. मूळ पेटी यांचीच. आम्ही यांना मुख्य तांत्रिक अधिकारी म्हणतो.

मामा: मला कोणी म्हटलेलं नाही अजून. बसा. तो स्टूल नको, त्याचा एक पाय आखूड आहे. हा घ्या.

मॅडम: थँक्यू. या आठवड्यातली ही माझी तेरावी कंपनी. बसायला कोणी सांगितलं की बरं वाटतं. बहुतेक ठिकाणी उभं राहून पडद्यावर बघायचं असतं.

भाचा: आपण आधी पडदा बघू, मॅडम, आणि मग एकशेसतरा...

मॅडम: तिथूनच आले मी.

भाचा: कुठून?

मॅडम: एकशेसतराकडून. म्हटलं, न कळवता जावं, खरं चित्र दिसतं. फार लाघवी माणूस आहे. माझ्या गाडीत हवा भरून दिली त्याने.

भाचा: मॅडम, मी समजावून सांगतो. ते जे आत होतं...

मॅडम: पाने होते. मी त्याला विचारलं, भाजी कुठे आहे? तो म्हणाला, डब्यात आहे, दुपारी खाईन. मी लिहून घेतलं, ‘ताज्या भाजीचा साठा, स्वतःच्या वापरासाठी.’ आणि बाकीच्यासाठी आमच्याकडे एक रकाना आहेच, ‘उत्पादनाचा अनपेक्षित बहुउपयोग.’ तुम्ही घाबरू नका. अहवाल छापून झालाय.

मामा: बिजागरीचं काही म्हणाला का तो?

मॅडम: हो, आवर्जून. म्हणाला, दिवसाला चारशे वेळा उघडतो पण करकर नाही. जो कोणी बनवतो त्याला सांगा.

मामा: तीन मिलिमीटरची पिन आहे आत. लोक दोनची घालतात.

भाचा: मामांचं काम म्हणजे...

मामा: मॅडम, तुम्ही पैसे लावलेत म्हणून विचारतो. पेटी कशी चालते ते तुम्हाला कोणी सांगितलंय का?

भाचा: मामा.

मामा: पत्र्याविषयीच बोलतोय.

मॅडम: मला माहिती पुस्तिका मिळालीय. चौदा पानांची. त्यात पृथ्वीचं चित्र आहे, आणि एका हसऱ्या बाईचं. पेटीचं चित्र बहुधा शेवटी असेल, मी नवव्या पानापर्यंत पोचले.

मामा: मग इकडे या. ही पेटी पहाटे भरून ठेवलीय. हा बाहेरचा पत्रा, याला भोकं पाडलेली. त्याच्या आत गोणपाट, त्याच्या आत ओली वाळू, आणि मग हा आतला पत्रा. बाहेरून वारा लागतो, वाळूतलं पाणी उडतं, उडताना आतली उष्णता घेऊन जातं. आता झाकण थोडंसं उघडतो. हात घाला. घाला, काही चावत नाही.

मॅडम: अरे.

मामा: थांबा जरा. लगेच काढू नका.

मॅडम: हे खरंच थंड आहे.

मामा: मग तुम्हाला काय वाटलं होतं?

मॅडम: खरं सांगू? मला आकडा माहीत होता. थंड असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. आणखी एक मिनिट ठेवू का हात? सकाळपासून गाडीत तापलेत.

मामा: ठेवा. पण तेवढ्यात काय झालं बघा. तुम्ही हात घातला तेव्हा आत जे होतं ते आता नाही. परत तसं व्हायला पाऊण तास. दिवसातून दोनदा उघडली तर पेटी चालते. तीस वेळा उघडली तर ते भोकं पाडलेलं कपाट. टेबलावर कोथिंबीर आहे ती तशा कपाटातली. तुमच्या हिरव्या ठिपक्याची.

मॅडम: म्हणजे जी पेटी जास्त उघडते...

मामा: ती पेटी वाया.

मॅडम: आणि जी लाल आहे...

मामा: ती पेटी चालू. या बाजारात बासष्ट चालू आहेत, आणि सोमवारी तुम्ही त्या उचलून नेणार. त्यात एक माझ्या बायकोची आहे. ती मी तिला हाताने करून दिली होती, तुमच्या फंडाच्या आधी. नंतर याने तिलाही बटण लावलं आणि यादीत घातलं, म्हणाला, पहिली पेटी कागदावर असली की बरं दिसतं.

भाचा: मॅडम, मामांचा सूर जरा कडक आहे, पण मुद्दा...

मॅडम: नाही, नाही, थांबा. हे मला फार भावलं. बंद असणं हेच काम. उघडणं म्हणजे नुकसान. हे आमच्या कोणत्याच कागदात नाही. मला पाच मिनिटं द्या, कमिटी आत्ता बसलेलीच आहे. मी लगेच बोलते.

(मॅडम फोन कानाला लावून अंगणात जातात. दाराच्या काचेतून त्यांचा मोकळा हात हवेत झाकण लावताना दिसतो.)

भाचा: मामा, तू मला बुडवलंस असं वाटत होतं.

मामा: अजून वेळ आहे.

भाचा: नाही, बघ ना कशा बोलतायत. त्यांना पटलंय. दोन वर्षांत मी सत्तर जणांपुढे उभा राहिलो असेन, सगळ्यांनी विचारलं, बाजार केवढा आहे, वाढ किती होईल. आत हात कोणी घातला नव्हता. मलाही सुचलं नाही घाला म्हणायचं.

मामा: तू स्वतः शेवटचा कधी घातला होतास?

भाचा: त्या सुट्टीतच.

मामा: ती ‘उगवती बाजारपेठ’ काय भानगड आहे? तुझ्या त्या मोठ्या फलकावर लिहिलंय.

भाचा: म्हणजे जिथे बाजार अजून पूर्ण तयार झालेला नाही, पण होतोय. असे देश, अशी शहरं. फंड तिथेच पैसे लावतो.

मामा: आमचा बाजार माझ्या आजीच्या वेळेपासून भरतोय. कधी तयार होणार म्हणतात?

भाचा: ते मला पण विचारायचंय कोणाला तरी. आल्या.

मॅडम: अभिनंदन. मान्य झालं.

भाचा: खरंच?

मॅडम: सात मिनिटांत. कमिटीला इतक्या लवकर एकमत होताना मी आजवर पाहिलं नाही. उघडण्याची संख्या आजपासून रद्द. आता मोजायचे ते ‘शांत तास’. झाकण जितका वेळ बंद, तितका गुण. नाव मीच सुचवलं. एक जण म्हणाले, याला ध्यानाचा स्पर्श आहे.

मामा: म्हणजे लाल पेट्या आता हिरव्या.

मॅडम: अगदी. तुमच्या भाच्याने एक गोष्ट फार चांगली केलीय, बटण सगळ्या पेट्यांना लावलंय, त्यामुळे जुना आकडा उलटा केला की नवा तयार. कमिटीने आत्ताच यादी मागितलीय, सर्वांत वरच्या पेट्या कोणत्या. काढता का?

भाचा: काढतो ना. एक सेकंद. बंद तासांप्रमाणे लावतो. हं. आलं. हे बघा, पहिल्या क्रमांकावर शंभर टक्के. दुसरीही शंभर. तिसरी... सगळ्याच शंभर टक्के आहेत, मॅडम.

मॅडम: किती?

भाचा: दोनशे नव्वद.

मॅडम: काय सांगता. कोणत्या भागातल्या?

भाचा: एकाच ठिकाणच्या दिसतायत.

मामा: कुठल्या?

भाचा: गोदामातल्या.

मॅडम: गोदाम म्हणजे?

मामा: हे शेजारचं. तुमच्या पहिल्या हप्त्यात सहाशे पेट्या केल्या. तीनशे दहा वाटल्या. उरलेल्या दोनशे नव्वद एकावर एक रचून ठेवल्यात. वाळू भरलेली नाही, पाणी नाही, भाजी नाही. झाकणावर दुसरी पेटी आहे, म्हणून उघडतही नाहीत.

मॅडम: आणि तीन महिन्यांत एकदाही उघडल्या नाहीत?

मामा: कोणी उघडायची?

मॅडम: विलक्षण शिस्त आहे.

भाचा: मॅडम, पण त्या रिकाम्या आहेत.

मॅडम: कमिटीला आतलं दिसत नाही हो. त्यांच्याकडे एका कंपनीसाठी एक चौकोन आहे, चौकोनात एक आकडा बसतो. मी स्वतः आत हात घातला, मला कळतं. पण माझा हात त्या चौकोनात कसा घालू? बाजारातल्या पेट्या किती टक्के येतायत?

भाचा: ज्या दोनदा उघडतात त्या अठ्ठ्याण्णवच्या आसपास. उघडल्यावर भाजी लावायला, काढायला वेळ लागतो ना.

मॅडम: म्हणजे गोदामापेक्षा कमीच.

मामा: मॅडम, तिथे माणसं विकत बसलेली आहेत.

मॅडम: तेच तर. माणसं असली की थोडी घट येते. हे मी माझं मत म्हणून सांगत नाही, सर्वच क्षेत्रांत तसं दिसतं. बघा, मी फोनवर ट्रकचं विचारलं होतं. ते म्हणाले, ट्रक ठरलाय, आगाऊ भाडं दिलंय, तो रद्द करायला वेगळी बैठक लागेल. तर मग सोमवारी बाजारातल्या पेट्या गोदामात आणून ठेवू. तिथे त्यांची कामगिरी सुधारेल, तुमची सरासरी शंभरवर जाईल, आणि पुढचा हप्ता आपोआप सुटेल.

भाचा: पुढच्या हप्त्यात काय करायचं?

मॅडम: आणखी पेट्या. गोदाम मोठं घ्या म्हणजे झालं.

मामा: आणि बाजारातल्या बायका?

मॅडम: त्यांच्यासाठी एक प्रशिक्षण आहे आमच्याकडे. ‘परिवर्तनाला सामोरं जाताना.’ दीड दिवसाचं. चहा असतो. मामा, तुम्ही रागावलात. मला दिसतंय. तुमच्या जागी मी असते तर मीही रागावले असते. पण मी आज ‘उघडणं’ बदलून ‘बंद’ केलं ना? एका दिवसात एवढंच होतं हो. मला आता निघायला हवं, कचऱ्याच्या विटा करणाऱ्या एका कंपनीत दुपारी उद्घाटन आहे. कचरा कमी पडतोय म्हणे, बाहेरून मागवलाय. आणखी एकदा हात घालू का जाता जाता?

मामा: घाला.

मॅडम: छान वाटतं. येते. तुमची बिजागरी मी टिपणात लिहीन. नक्की लिहीन.

भाचा: या मॅडम. सांभाळून, पायरी उंच आहे.

मामा: गेली?

भाचा: गेल्या. मामा, वाईट नाहीत त्या.

मामा: मी कुठे म्हटलं वाईट आहे? दोनदा हात घातला बिचारीने. बस तू. बस, त्या आखूड पायाच्या स्टुलावरच बस. मामीला काय सांगायचं ते आता तू ठरव.

भाचा: मी सांगेन की कंपनीने... नाही. तिला नाही सांगता यायचं. ती पेटी तिचीच होती, मामा. मी यादीत घातली. फोटो छान येईल म्हणून. खरंच तेवढंच कारण होतं.

मामा: सोमवारच्या माणसांना कसं कळणार कोणती उचलायची ते? पेट्या तर सगळ्या सारख्या.

भाचा: स्क्रीनवर कळतं. बटण जिथे, तिथे पेटी. स्क्रीन म्हणेल बाजारात बासष्ट, तर बासष्ट उचलायच्या. नंबर बटणावर असतो, पेटीवर नाही.

मामा: आणि स्क्रीन म्हणाली, बाजारात एकही नाही?

भाचा: तर ट्रक निघणारच नाही. सगळ्या गोदामात पोचल्या असं दिसेल. मामा, तू काय म्हणतोयस?

मामा: मी काही म्हणत नाही. बटण कशाने बसवलंय?

भाचा: दोन स्क्रू आहेत.

मामा: कोणी बसवले?

भाचा: एक टोळी आली होती फंडाकडून. का?

मामा: मी बसवलं असतं तर रिव्हेट मारले असते. मग निघालं नसतं. चला, कधीतरी वाईट कामाचाही उपयोग होतो. आज शुक्रवार. अकरा झाकणवाल्या धरल्या तर बाजारात त्र्याहत्तर. एकाला दोन मिनिटं. तू एका ओळीने, मी दुसऱ्या.

भाचा: आणि बटणं?

मामा: गोदामातल्या कपाटात. दार लावून. शंभर टक्के.

भाचा: हे खोटं आहे, मामा.

मामा: आहे.

भाचा: त्या त्याच्यावर पैसे देतील. मी सही करायची. कोणी विचारलं तर?

मामा: तर सांग. खरं काय ते सगळं सांग, मी येऊन उभा राहतो शेजारी. पण रिचार्ज दिलास तेव्हा हे तोंडात आलं नाही तुझ्या. तेव्हा आकडा खरा होता आणि कोथिंबीर गेली. आता आकडा खोटा होईल आणि कोथिंबीर राहील. दोन्ही राखायचा रस्ता त्या चौकोनात आहे का? असला तर मला दाखव, मी बटणांना हात लावत नाही.

भाचा: नाही. नाहीये.

मामा: मग ऊठ. त्या खणात बारीक स्क्रूड्रायव्हर आहे, पिवळ्या मुठीचा. माझाच आहे, तू नेहमी दुसरा उचलतोस. आणि बूट काढून चपला घाल, बाजारात चिखल असतो.

भाचा: मामा, एक राहिलं.

मामा: काय?

भाचा: बटणं काढल्यावर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही मला. पेट्या चालतायत की नाही, कोथिंबीर टिकली की नाही, कोणाची वाळू सुकली, काहीच. मग आपल्याला कळणार कसं?

मामा: बाजार दोन गल्ल्या सोडून आहे. जाऊन विचारायचं.